ताटातला फॉस्फरस आणि पाकिटातला फॉस्फरस: किडनीच्या रुग्णांनी आधी काय सोडावे?

क्रिएटिनिन (रक्तातला, किडनी नीट काम करेनाशी झाली की साठत जाणारा टाकाऊ घटक) वाढत चाललेल्या किंवा डायलिसिस सुरू झालेल्या रुग्णाच्या हाती आहाराचा तक्ता पडतो, तेव्हा घरातली माणसे सर्वांत आधी गोंधळतात ती फॉस्फरसच्या रकान्याशी. डाळ कमी करा, उसळी टाळा, भाकरीऐवजी भात घ्या, दाण्याचे कूट नको, तीळ नको, दूध मोजूनच, असे त्यात लिहिलेले असते. त्याच तक्त्यात पोटॅशियमसाठी बरीचशी फळे आणि पालेभाज्या वर्ज्य असतात, आणि रुग्णाला मधुमेह असेल तर भातावरही बंधन असते. एवढे सगळे वगळल्यावर उरते काय, असा प्रश्न पडलेल्या घरात मग चहाबरोबर खारी, बिस्किटे, टोस्ट, कधी झटपट नूडल्स, कधी चीजचा तुकडा लावलेला ब्रेड येतो, कारण यांतल्या कशावरही तक्त्यात काट मारलेली नसते.

माझे म्हणणे असे आहे की अशा वेळी पथ्याचा क्रमच उलटा लागलेला असतो. कोणत्या पदार्थात फॉस्फरस किती आहे, एवढ्यावर त्याचा धोका ठरत नाही. तो कोणत्या रूपात आहे आणि त्यातला किती भाग आतड्यातून रक्तात उतरतो, यावर तो ठरतो. या कसोटीने पाहिले तर सर्वांत आधी सोडायची असतात ती पाकिटे, आणि वरण-भाकरीचा विचार त्यानंतर येतो.

फॉस्फरस शरीरात करतो काय?

फॉस्फरस हे विष नाही, हे प्रथम स्पष्ट व्हायला हवे. तो नसेल तर हाडे घडणार नाहीत, पेशींना ऊर्जा मिळणार नाही, आणि आनुवंशिक माहिती साठवणारा डीएनए सुद्धा बनणार नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातला सुमारे ८५ टक्के फॉस्फरस कॅल्शियमबरोबर हाडांत आणि दातांत बसलेला असतो, उरलेल्यातला बहुतेक पेशींच्या आत असतो, आणि रक्तातून फिरणारा भाग फारच थोडा असतो. तपासणीत मोजला जातो तो हा थोडा भाग. निरोगी प्रौढात तो साधारणपणे १०० मिलिलिटर रक्तद्रवात २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असतो. निसर्गात फॉस्फरस सुटा सापडत नाही. ऑक्सिजनशी जोडला जाऊन तो फॉस्फेट या रूपात असतो, म्हणून काही प्रयोगशाळा अहवालात फॉस्फरस लिहितात तर काही फॉस्फेट.

आपण खातो त्यातला फॉस्फरस आतड्यातून रक्तात येतो, आणि गरजेपेक्षा जास्त झालेला मुख्यतः लघवीवाटे बाहेर जातो. हे मूलद्रव्य माणसाला प्रथम सापडले तेही लघवीतच: १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँड या किमयागाराने सोने बनवण्याच्या आशेने मोठ्या प्रमाणावर लघवी आटवली, आणि त्याच्या हाती अंधारात चमकणारा फॉस्फरस लागला. किडनीचे रोजचे काम किती मोठे असते, याचा अंदाज या जुन्या हकिकतीवरूनही येतो.

रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग पथ्य कशाला?

हा प्रश्न किडनीच्या आजाराच्या मधल्या टप्प्यातले रुग्ण हमखास विचारतात. दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात, याच्या अंदाजाला जीएफआर म्हणतात. जीएफआर मिनिटाला ३० मिलिलिटरच्या आसपास किंवा त्याखाली जाईपर्यंत रक्तातला फॉस्फरस सहसा मर्यादेतच दिसतो. मात्र तो आपोआप मर्यादेत राहिलेला नसतो, शरीराने त्याला बरेच कष्ट घेऊन तिथे रोखून धरलेले असते.

मोरीचे तोंड हळूहळू बुजत चालले असताना घरातले कुणी तरी दिवसभर बादलीने पाणी उपसत राहिले, तर फरशी कोरडीच दिसेल, पण उपसणाऱ्याच्या पाठीचे काय होईल, तसा हा प्रकार आहे. शरीरात हे उपसण्याचे काम दोन संप्रेरके करतात. एक आहे एफजीएफ-२३, जे हाडांतल्या पेशी तयार करतात. दुसरे आहे पॅराथॉर्मोन, जे गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथींतून स्रवते. दोन्ही किडनीला फॉस्फेट लघवीत टाकायला लावतात. किडनीच्या गाळण्या कमी होत जातात तसतशी उरलेल्यांकडून जास्त काम करून घेण्यासाठी या संप्रेरकांची पातळी चढत जाते, आणि ही चढ फॉस्फरसचा आकडा हलण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

याची किंमत हाडांना आणि रक्तवाहिन्यांना द्यावी लागते. एफजीएफ-२३ वाढले की ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप कमी तयार होते, त्यामुळे आहारातले कॅल्शियम नीट शोषले जात नाही. त्याची भरपाई म्हणून पॅराथॉर्मोन आणखी वाढते आणि हाडांतून कॅल्शियम ओढून घेऊ लागते. पुढे किडनीची ताकद अगदीच कमी झाली की उपसा अपुरा पडतो आणि रक्तातला फॉस्फरस चढू लागतो. चढलेला फॉस्फरस रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायुपेशींचा स्वभाव बदलतो. त्या हाडातल्या पेशींसारख्या वागू लागतात आणि भिंतीत कॅल्शियम साठते. वाहिन्या ताठर झाल्या की हृदयावरचा ताण वाढतो. डायलिसिसच्या रुग्णांचे मृत्यू मोठ्या प्रमाणावर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात, हे लक्षात घेतले तर तपासणीतली ही ओळ डॉक्टर इतक्या काळजीने का वाचतात ते कळते.

वाढलेला फॉस्फरस बहुतेक वेळा काहीही जाणवू देत नाही. काहींना अंगाला खाज सुटते, काहींची हाडे-सांधे दुखतात, पण त्रास होत नाही म्हणून सगळे ठीक आहे असे समजणे इथे चुकीचे ठरते.

मधल्या टप्प्यातल्या प्रत्येकाने सगळे सोडून द्यावे, असा याचा अर्थ नाही. किडनीच्या आजारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये सुधारलेल्या शिफारशींत भर दिला आहे तो फॉस्फरस सतत किंवा वाढत्या क्रमाने चढत असेल तर उपचार करण्यावर. एकाच तपासणीवरून निर्णय घेण्यापेक्षा फॉस्फरस, कॅल्शियम आणि पॅराथॉर्मोन यांचा काही महिन्यांचा कल एकत्र पाहावा, असेही त्या सांगतात. आकडा मर्यादेत असताना गोळ्या सुरू करण्याची घाई नको. मात्र पाकिटबंद पदार्थ कमी करण्यासाठी आकडा बिघडण्याची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही, कारण त्या पदार्थांतले मीठही किडनीला मानवणारे नसते.

आकडा तोच, पण अंगी लागतो वेगवेगळा

अन्नातला फॉस्फरस ढोबळमानाने तीन प्रकारे येतो.

डाळी, कडधान्ये, ज्वारी, बाजरी, गहू, शेंगदाणे, तीळ यांतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. फायटेट तोडण्यासाठी फायटेज हे विकर लागते, आणि ते माणसाच्या आतड्यात जवळपास नसतेच. त्यामुळे या पदार्थांतला साधारण २० ते ४० टक्के, फार तर निम्मा फॉस्फरस रक्तात येतो आणि उरलेला शौचावाटे निघून जातो. दूध, अंडी, मासे, मटण, कोंबडी यांतला फॉस्फरस प्रथिनांना जोडलेला असतो, आणि तो ४० ते ६० टक्के शोषला जातो. तिसरा प्रकार कारखान्यात घातलेल्या फॉस्फेट क्षारांचा. ते कशातही अडकलेले नसतात, पाण्यात सहज विरघळतात, आणि त्यांतला ९० टक्क्यांहून अधिक भाग रक्तात उतरू शकतो.

याचा हिशेब घरच्या मापाने करून पाहू. एका माणसाच्या वाट्याला येणारी ३० ग्रॅम कच्ची तूरडाळ घेतली तर तिच्यात सुमारे ९० मिलिग्रॅम फॉस्फरस आणि सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात. एक मोठा कप, म्हणजे २०० मिलिलिटर दूध घेतले तर प्रथिने जवळपास तेवढीच मिळतात, पण फॉस्फरस १८० ते २०० मिलिग्रॅम येतो. शोषणाचा हिशेब लावला तर डाळीतून रक्तात पोहोचतात साधारण ३५ ते ४५ मिलिग्रॅम, आणि दुधातून शंभराच्या आसपास. तेवढीच प्रथिने मिळवण्यासाठी शरीरावर दुप्पट-अडीचपट भार पडतो. म्हणून डाळ बंद करून तिच्या जागी दूध किंवा पनीर वाढवणे हा सौदा किडनीच्या रुग्णाला तोट्याचा आहे. आपल्याकडे आजारी माणसाला शक्ती यावी म्हणून दूध देण्याची जी पद्धत आहे ती मायेपोटीच आलेली आहे, पण या आजारात ती मापात ठेवावी लागते.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या डॉ. शॅरन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच मुद्दा रुग्णांवर तपासला. त्यांनी नऊ रुग्णांना एक आठवडा मांस आणि दुग्धजन्य पदार्थांतून, आणि दुसरा एक आठवडा धान्ये आणि सोयाबीनमधून प्रथिने दिली. दोन्ही आहारांत फॉस्फरसचे एकूण प्रमाण सारखेच होते. शाकाहारी आठवड्यानंतर रक्तातला फॉस्फरस आणि एफजीएफ-२३ दोन्ही कमी भरले. नऊ रुग्ण आणि एकेक आठवडा म्हणजे प्रयोग लहानच, पण फॉस्फरसची नुसती यादी करणे किती अपुरे आहे हे त्याने दाखवून दिले. अमेरिकेतल्या किडनी पोषणविषयक केडोकी या मार्गदर्शक सूचनांनीही २०२० च्या आवृत्तीत दिवसाला अमुक इतकेच मिलिग्रॅम असा सर्वांना लागू होणारा आकडा दिलेला नाही. रक्तातली पातळी मर्यादेत राहील असा आहार ठेवावा आणि फॉस्फरस कुठून येतो याचाही विचार करावा, असे त्या सांगतात. आधीच्या सूचनांत ८०० ते १००० मिलिग्रॅम अशी मर्यादा होती, आणि आपल्याकडचे अनेक जुने तक्ते तिच्यावरच बेतलेले आहेत.

आता एक सावधगिरी. मोड आणले, पीठ आंबवले किंवा यीस्ट घालून पाव फुगवला, की धान्यातले स्वतःचे किंवा सूक्ष्मजीवांचे फायटेज कामाला लागते आणि अडकलेला फॉस्फरस काही प्रमाणात मोकळा होतो. त्यामुळे मोड आलेल्या मटकीतला फॉस्फरस न मोड आलेल्या मटकीपेक्षा जास्त शोषला जाण्याची शक्यता असते. मटकीची उसळ वर्ज्य करावी, असा याचा अर्थ होत नाही, पण मोड आणल्याने ती पथ्याची होते हा समजही बरोबर नाही.

आम्ही तर घरचेच खातो, पाकिटे कुठली?

बहुतेक घरांत हे उत्तर मनापासून दिलेले असते, आणि तरीही स्वयंपाकघराच्या फळीवर हे क्षार सापडतात. कारण ते चवीला कळत नाहीत, आणि पाकिटावर त्यांचे नाव असते ते बहुधा आकड्यांत.

भारतात पाकिटबंद पदार्थावर त्यात काय काय घातले आहे याची यादी छापावी लागते, आणि बाहेरून घातलेले घटक त्यांच्या नावाने किंवा आयएनएस या आंतरराष्ट्रीय क्रमांकाने लिहिलेले असतात. ॲसिडिटी रेग्युलेटर, इमल्सिफायर, स्टॅबिलायझर, रेझिंग एजंट, ह्युमेक्टंट अशा शब्दांपुढे कंसात तीन आकडी संख्या येतात त्या याच. फॉस्फेटसाठी लक्षात ठेवायचे क्रमांक फार नाहीत: ३३८ ते ३४१, मग ३४३, आणि ४५० ते ४५२. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. ३३९ सोडियमचे, ३४० पोटॅशियमचे, ३४१ कॅल्शियमचे आणि ३४३ मॅग्नेशियमचे फॉस्फेट. ४५० ते ४५२ ही फॉस्फेटच्या साखळ्यांची, म्हणजे डायफॉस्फेट, ट्रायफॉस्फेट आणि पॉलिफॉस्फेट यांची कुळे आहेत. केकच्या तयार पिठात आणि काही बेकिंग पावडरींत दिसणारा ५४१ हाही फॉस्फेटच. पाकिटावर हे आकडे बहुधा इंग्रजी अंकांत असतात, म्हणून ते एका कागदावर तसेच लिहून किराणा आणायला जाणाऱ्याच्या खिशात द्यावेत. ३४० या क्रमांकाबाबत दुहेरी काळजी घ्यावी, कारण त्यातून फॉस्फरसबरोबर पोटॅशियमही येते.

हे क्रमांक कुठे शोधावेत? काळ्या रंगाच्या कोला पेयांत ३३८ असतो. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये, म्हणजे घडीव चौकोनी तुकडे, पातळ चकत्या आणि ब्रेडला लावायचे चीज यांत, वितळताना ते फाटू नये म्हणून फॉस्फेट क्षार घालण्याची पद्धत आहे. अनेक झटपट नूडल्स, चहा-कॉफीची यंत्रात घालायची तयार मिश्रणे, काही दूध पावडरी, गोठवलेले नगेट आणि सॉसेज यांतही ते आढळतात. गोठवलेली सोललेली कोळंबी आणि काही मासे पाणी धरून ठेवावेत म्हणून फॉस्फेटच्या द्रावणात बुडवलेले असू शकतात, त्यामुळे शक्य तिथे बाजारातली ताजी मासळी घ्यावी. बिस्किटे आणि खारी यांत उत्पादकानुसार फरक पडतो. काहींत नुसता खाण्याचा सोडा आणि अमोनियम कार्बोनेट असते, काहींत ४५० किंवा ३४१ असतो, म्हणून सरसकट नियम सांगण्यापेक्षा पाकीट उलटून पाहणे बरे. सुटी मिळणारी बेकरीची वस्तू असेल तर तेही करता येत नाही.

यादीत जितके वर नाव तितके प्रमाण जास्त, एवढाच अंदाज आपल्याला बांधता येतो. फॉस्फरस नेमका किती मिलिग्रॅम आहे हे बहुतेक पाकिटांवर छापलेले नसते, कारण अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनी सक्तीच्या पोषण माहितीत ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्ध पदार्थ, सोडियम यांची नोंद ठेवली आहे, फॉस्फरसची नाही. रुग्णांच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे आणि ती दूर व्हायला हवी, असे मला ठामपणे वाटते. जी माहिती छापणे शक्य आहे ती न मिळाल्यामुळे एखाद्याच्या धमन्या ताठर होत जाव्यात, हे योग्य नाही.

नुसती पाकिटे वाचायला शिकवून फरक पडतो का, याचेही उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डायलिसिस घेणाऱ्या २७९ रुग्णांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला फॉस्फेट घातलेले पदार्थ ओळखून टाळायला शिकवले गेले आणि दुसऱ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. तीन महिन्यांनी पहिल्या गटातला रक्तातला फॉस्फरस दुसऱ्यापेक्षा १०० मिलिलिटरमागे ०.६ मिलिग्रॅमने अधिक उतरलेला होता. अमेरिकेत पाकिटबंद अन्नाचा वाटा मोठा आहे, त्यामुळे आपल्याकडे लाभ तेवढाच होईल असे गृहीत धरता येणार नाही. पण शहरातल्या घरांत, विशेषतः पुण्या-मुंबईत दुकानातून आणलेल्या नाश्त्यावर दिवस काढणाऱ्या रुग्णांत, सुरुवात इथूनच करावी.

भेटायला येणारे नातेवाईक आणतात त्या ताकदीच्या पावडरींविषयी वेगळे सांगायला हवे. दुधात घालायच्या अशा अनेक पावडरींत खनिजे म्हणून कॅल्शियम फॉस्फेट मिसळलेले असते, आणि त्या दुधातूनच घ्यायच्या असल्याने भार दुहेरी होतो. किडनीच्या रुग्णांसाठी वेगळी पूरक प्रथिने मिळतात, पण ती आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

आतडे साफ करण्यासाठी वापरली जाणारी सोडियम फॉस्फेटची औषधेही याच यादीत येतात. कोलोनोस्कोपीपूर्वी प्यायला देतात अशा द्रावणांतल्या प्रचंड फॉस्फेटमुळे किडनीला इजा झाल्याची उदाहरणे समोर आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये कडक इशारा दिला होता. किडनीचा आजार असेल तर अशी तपासणी ठरवताना तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा, आणि बद्धकोष्ठासाठी फॉस्फेटचा एनिमा स्वतःहून घेऊ नये.

मग प्रथिनेच कमी केली तर?

फॉस्फरस आणि प्रथिने एकत्रच येतात, त्यामुळे जेवणच अर्ध्यावर आणण्याचा मार्ग सोपा वाटतो. डायलिसिसवर असलेल्या रुग्णासाठी तो घातक ठरू शकतो. डायलिसिस सुरू होण्याआधीच्या टप्प्यांत प्रथिने मर्यादित ठेवण्याचा सल्ला देतात हे खरे, पण डायलिसिस सुरू झाल्यावर गणित उलटते, कारण त्या प्रक्रियेत अमिनो आम्ले बाहेर जातात आणि स्नायू झिजतात. तेव्हा दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे केडोकीच्या सूचना सांगतात. अमेरिकेतल्या ३०,००० हून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचा फॉस्फरस उतरला पण त्याबरोबर प्रथिनेही घटली, त्यांच्यापेक्षा प्रथिने टिकवून किंवा वाढवून फॉस्फरस उतरवणाऱ्यांचे आयुर्मान चांगले आढळले. सुधारलेला आकडा जर उपासमारीतून आलेला असेल, तर त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही.

म्हणून प्रथिने निवडताना त्यांच्यामागे फॉस्फरस किती येतो ते पाहावे. अंड्याचा पांढरा भाग या बाबतीत फारच सरस आहे: एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि अवघे ५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, तर अंड्यातला जवळपास सगळा फॉस्फरस पिवळ्या बलकात असतो. ताजी मासळी आणि कोंबडी मध्यम आहेत. कलेजी, सुकट, सुका बोंबील आणि काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे यांत फॉस्फरस बराच जास्त, आणि सुक्या मासळीत मीठही. शाकाहारी रुग्णाने डाळ हा आधार सोडू नये. दूध पूर्ण तोडायची गरज बहुतेकांना नसते, पण चहापुरते दूध, थोडे दही किंवा ताक आणि कधीतरी पनीर, अशी मर्यादा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावी. खवा, पेढे, बासुंदी यांत दूध आटवलेले असल्याने फॉस्फरसही त्याच पटीत घट्ट झालेला असतो.

स्वयंपाकात काय करता येते?

डाळी आणि कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे. भाजी आणि मांस लहान तुकडे करून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून टाकले तर फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही काही प्रमाणात उतरतात, जरी त्याबरोबर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही जातात. शिजवलेल्या मांसाचा रस्सा ओरपण्याऐवजी तुकडे खावेत. शेंगदाण्याचे कूट मुठीने न घालता चमच्याने घालावे. संक्रांतीला तिळाचा एखादा लाडू खाल्ल्याने काही बिघडत नाही, डबाभर लाडू आठवडाभर खाण्याने बिघडते.

भाकरी सोडून मैद्याचा पाव खाण्याचा सल्ला मला पटत नाही. ज्वारी-बाजरीत फॉस्फरस तांदळापेक्षा जास्त आहे, पण तो बव्हंशी फायटेटमध्ये आहे, आणि भाकरीतला कोंडा बद्धकोष्ठ टाळतो. पोट साफ राहणे किडनीच्या रुग्णाला फार महत्त्वाचे असते. मात्र ज्यांचे पोटॅशियम वारंवार वाढते, त्यांच्या बाबतीत डाळ आणि भाकरीचे प्रमाण ठरवताना ती बाजूही पाहावी लागते, आणि तो तोल सांभाळण्याचे काम नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीविकारतज्ज्ञ, आणि आहारतज्ज्ञ यांचे आहे.

डायलिसिस आहे, गोळ्याही आहेत, मग पथ्य कशाला?

दिवसाला १००० मिलिग्रॅम फॉस्फरस खाल्ला आणि त्यातला ६० टक्के शोषला गेला असे धरले, तर आठवड्याला ४२०० मिलिग्रॅम रक्तात येतात. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० मिलिग्रॅम निघतात. आठवड्याला तीन वेळा डायलिसिस झाले तरी २४०० मिलिग्रॅमच बाहेर पडले, आणि १८०० मागे राहिले. आपल्याकडे खर्च आणि अंतर यांमुळे अनेक रुग्ण आठवड्याला दोनदाच डायलिसिस घेतात, तेव्हा मागे राहणारा आकडा २६०० वर जातो. ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांच्या बाबतीत हे ओझे थोडे हलके होते. यंत्र यापेक्षा जास्त काढू शकत नाही, कारण फॉस्फेट बव्हंशी पेशींच्या आत दडलेले असते. पहिल्या एक-दोन तासांत रक्तातला फॉस्फरस झपाट्याने उतरतो, मग पेशींतून तो सावकाश बाहेर येत राहतो, आणि डायलिसिस संपल्यावर काही तासांत पातळी पुन्हा चढते.

ही तूट भरून काढण्यासाठी फॉस्फेट बाइंडर, म्हणजे अन्नातला फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या जातात. कॅल्शियम ॲसिटेट, कॅल्शियम कार्बोनेट, सेव्हेलॅमर, लँथॅनम ही त्यांची नेहमीची नावे. या गोळ्या अन्नातल्या फॉस्फरसला पकडतात, रक्तातल्या नाही, म्हणून त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. सकाळी उपाशीपोटी इतर औषधांबरोबर घेतलेला बाइंडर जवळजवळ वाया जातो, आणि कॅल्शियमचा असेल तर उलट नको तेवढे कॅल्शियम शरीरात जाते. किती रुग्णांना ही एक गोष्ट कुणी नीट समजावून सांगितलेली नसते, याचे फार वाईट वाटते, कारण ती सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत. एक गोळी बांधून ठेवते तो फॉस्फरस काही दशक मिलिग्रॅमच असतो, त्यामुळे चीज आणि कोला यांची भरपाई गोळ्यांनी होत नाही.

हे सगळे किती खात्रीचे आहे?

फॉस्फरस जास्त असलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळते, हे मोठमोठ्या निरीक्षणांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. फॉस्फरस उतरवल्याने आयुष्य वाढते, हे मात्र रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेल्या मोठ्या चाचणीतून अजून सिद्ध झालेले नाही. म्हणूनच आजच्या शिफारशी पातळी नॉर्मलच्या दिशेने आणा असे सांगतात, कोणत्याही किमतीला नॉर्मल करा असे नाही. पाकिटबंद फॉस्फेट टाळण्यात गमावण्यासारखे काही नसते, म्हणून त्यासाठी अपुरा पुरावाही पुरे आहे. पण वृद्ध, अशक्त, आधीच कमी जेवणाऱ्या रुग्णाच्या ताटातून डाळ काढून घेण्यासाठी तो पुरेसा नाही.

हे पथ्य कायमचे असते का?

नसते. किडनी प्रत्यारोपणानंतर नव्या किडनीला सवयीने चढलेले एफजीएफ-२३ आणि पॅराथॉर्मोन फॉस्फेट बाहेर टाकायला लावत राहतात, आणि पहिल्या काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, अनेकांचा फॉस्फरस उलट खाली जातो. तेव्हा ज्यांना वर्षानुवर्षे दूध मोजून दिले होते त्यांनाच ते वाढवायला सांगितले जाऊ शकते. घरातली माणसे जुन्या भीतीने ते टाळतात आणि रुग्णाचे स्नायू कमजोर राहतात. डायलिसिसचे वेळापत्रक बदलले, भूक मंदावली, वजन उतरले किंवा पॅराथॉर्मोनची औषधे बदलली तरी फॉस्फरसचा हिशेब बदलतो. म्हणून आहाराचा तक्ता मिळाला की त्यावर तारीख लिहून ठेवावी, आणि पुढच्या प्रत्येक अहवालाबरोबर तो नेफ्रॉलॉजिस्टपुढे ठेवून यातले आता काय खाता येईल, असे विचारावे.